गाडी थांबली की लागणारा दिवा

अमरावतीत वलगाव रोडवर धर्मेंद्र मेहरेचं गॅरेज आहे. तिथे ती गाडी पहिल्यांदा आली तेव्हा गाडीच्या आधी तिचा आवाज आला. मूळचा सायलेन्सर काढून कुणीतरी सरळ नळी बसवली होती. शेजारचा पंक्चरवाला हातातलं टायर सोडून पाहायला उभा राहिला. अंगभर मोरपंखी फॉइल, जमिनीला टेकेल इतकी दबवलेली बॉडी, रुंद टायर, आत डॅशबोर्डखाली निळा उजेड. त्यातून उतरला तो माणूस मात्र त्या गाडीचा वाटेना. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, पायात साध्या चपला.

"गाडी माहीच हाये," तो आपण होऊनच म्हणाला. हा प्रश्न त्याला बहुतेक सगळीकडे विचारला जात असावा. "आवाजाचं नका विचारू. मीटरात इंजिनाची चेक लाइट लागते, तेवढं पाहा."

त्याचं नाव ललित खंडारे. चांदूर बाजारच्या एका कॉलेजात तो प्रयोगशाळा सहायक होता. गाडी अकरा सालची, पेट्रोलवरची. मागच्या वर्षी त्याने ती परतवाड्यात एकाकडून घेतली होती. त्या माणसाने ती लग्नाच्या वरातींसाठी सजवली होती. ललितला सजावटीशी घेणंदेणं नव्हतं. त्याने गाडी घेतली ती पुढच्या डाव्या सीटसाठी. हौशी मालकाने तिथे पार मागे झोपणारी, पाय पसरता येतील अशी खुर्ची बसवली होती.

ललितच्या आईला, भागीरथाबाईंना, सोमवारी आणि गुरुवारी अमरावतीत डायलिसिस होतं. सकाळी नऊची पाळी. चार तास मशीनवर. आधी चार महिने ती एसटीने आली. परतताना अंगातला जीव गेल्यासारखा होई, बसता येत नसे. एकदा ती डेपोतच कोसळली. तेव्हा ललितने गावातल्या, परतवाड्यातल्या सगळ्या जुन्या गाड्या पाहिल्या आणि जिच्यात आईला झोपता येईल ती घेतली.

"मले गाडी रस्त्यात बंद पडाले नाई पाहिजे, मिस्त्री," ललित म्हणाला. "बाकी काही मागणं नाई. दोन मिस्त्रीयनं पाह्यली. एक म्हणे सेन्सर, दुसरा म्हणे कचरा. दोघायनंबी दिवा विझवून देला अन् तो पुन्हा लागला."

धर्मेंद्रने स्कॅनर काढला. अमरावतीत असा स्कॅनर मोजक्याच गॅरेजांत होता आणि दिव्यांची दुखणी त्याच्याकडे म्हणूनच येत. स्टीअरिंगखालच्या सॉकेटात त्याने वायर खोचली आणि स्क्रीनवर बिघाडाचा एकच कोड आला. तो पाहून त्याला हायसं वाटलं, कारण कोडचं कारण त्याला डोळ्यांनी दिसत होतं.

"हे पाहा," तो गाडीखाली वाकून म्हणाला. "सायलेन्सरच्या पोटात एक जाळी असते. धूर साफ करते ते. ज्यानं ही नळी टाकली त्यानं ते जाळी काढून फेकली. आता गाडीतला कॉम्प्युटर धूर हुंगते अन् म्हणते, जाळी मेली. म्हणून दिवा लावते."

"मंग इंजिनाले काही नाई?"

"इंजिन ठणठणीत हाये. बोंब फक्त धुराची."

त्याने कोड पुसला, गाडी सुरू केली, ॲक्सिलरेटर दाबून रेस दिली. सरळ नळीतून असा आवाज निघाला की पंक्चरवाल्याने कान दाबले. दिवा विझलेला होता. धर्मेंद्रने अंगठा वर केला. ललितने पहिल्यांदा खिशातलं पेन चाचपणं थांबवलं.

सहा दिवसांनी, गुरुवारी दुपारी, ती गाडी परत आली. या वेळी भागीरथाबाई आत होत्या. डायलिसिस करून निघालेल्या. सत्तरीच्या, बारीक, खुर्चीत आडव्या पडलेल्या. डाव्या हाताला चिकटपट्टी होती. डोळे मिटलेले असले तरी तोंड बंद नव्हतं.

"हाच का तो मिस्त्री? याच्या गॅरेजात आपल्याच गाडीचा आवाज लय दिसते."

"माय, तू नीज ना."

"या गाडीत निजाले होते? हे गाडी लगनातली, मी दवाखान्यातली. आमचं दोघीयचं जमत नाई." मग धर्मेंद्रकडे एक डोळा उघडून, "बापू, ते पिवळं पाय बरं. माह्या डोयासमोर लुकलुक करते."

ललितने सांगितलं ते असं. मागच्या वेळी दिवा विझवून तो निघाला आणि वलगावच्या अलीकडे रेल्वे फाटकाच्या रांगेत गाडी उभी राहिली, तसा दिवा पुन्हा लागला. म्हणजे चार-पाच किलोमीटरमध्येच. धर्मेंद्रला माहीत होतं की तो कोड एवढ्या लवकर परत येत नाही. गाडीला आपली चूक पुन्हा ध्यानात यायला शे-दीडशे किलोमीटर धावावं लागतं. पण ग्राहक अंतरं नीट सांगत नाहीत, हेही त्याला वीस वर्षांत माहीत झालं होतं. त्याने स्कॅनर लावला. तोच कोड परत आलेला होता. या सहा दिवसांत परतवाडा, चांदूर बाजार, अमरावती असं दोनशेवर किलोमीटर झालेलं होतं, म्हणून तो यायलाच हवा होता. रांगेतल्या दिव्याशी त्याचा काही संबंध आहे का, हे पाहायचं तर गाडी तापवून, उभी ठेवून, कोड पुसून, दिवा लागलेला असतानाच स्कॅनर पुन्हा एकदा लावायला हवा होता. दोन मिनिटांचं काम होतं. ते त्याने केलं नाही.

"हे थांबली का लागते," भागीरथाबाई म्हणाल्या. "पळाली का विझते. मी समोर बसतो, माह्याशिवाय कोणाले दिसन? तापली का जास्त लागते."

"माय, तुमी तं मिस्त्रीन होऊन राहिल्या," धर्मेंद्र हसला.

"मंग? मले रिकामं काय काम हाये? चाळीस किलोमीटर तेच पायतो."

तो हसला आणि त्याने ऐकलं नाही. दिवा विझवायचा तर मूळचा सायलेन्सर जाळीसकट बसवावा लागेल, तो नागपुरातून मागवावा लागेल, तोवर दिवा लागलेला राहील, राहू द्या, असं त्याने ललितला समजावलं. त्याचं समजावणं चांगलं होतं. ललितला विज्ञान कळत होतं आणि त्याला हे पटलं.

"गाडी पक्की हाये," धर्मेंद्र म्हणाला. "माह्या भरोशावर चालवा."

"अन् हे लुकलुक?" भागीरथाबाईंनी विचारलं. "मले भेव वाटते बापू. वाटते आता बंद पडते, मंग बंद पडते."

धर्मेंद्रने खिशातून काळी इन्सुलेशन टेप काढली. नखाएवढा तुकडा तोडून मीटरच्या काचेवर, त्या दिव्यावर बरोब्बर चिकटवला.

"घ्या. आता भेव गेलं."

"हे बेस केलं," भागीरथाबाई म्हणाल्या आणि खरोखर झोपल्या.

त्यानंतर अकरा दिवसांनी, सोमवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, धर्मेंद्रला ललितचा फोन आला. शिराळ्याच्या पुढे गाडी बंद पडली होती. आधी काहीतरी ठोकल्यासारखा आवाज आला, मग धाडकन चाकं धरल्यासारखी झाली, आता किल्ली फिरवली तर टक् एवढंच वाजतं. धर्मेंद्र जे समजायचं ते फोनवरच समजला. पिकअप घेऊन पोचायला त्याला दीड तास लागला, कारण पिकअप आधी दुसरीकडून सोडवून आणावी लागली.

भागीरथाबाई बाभळीच्या पातळ सावलीत दुपट्ट्यावर बसल्या होत्या. तोंडाला रंग नव्हता. ललितचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि गुडघ्यांवर रस्त्याची धूळ होती. ती धूळ धर्मेंद्रने पाहिली, पण तिचा अर्थ लावला नाही. त्याने आईला पिकअपमध्ये पुढे बसवलं. दवाखान्यात पोचेपर्यंत साडेदहा वाजून गेले होते. तिची मशीन दुसऱ्याला दिली गेली होती. दुपारी मध्ये अर्धी पाळी मिळाली. दोन तास.

गॅरेजात आणून धर्मेंद्रने इंजिन खाली घेतलं. क्रँकची बेअरिंगं निळी पडून जाम झाली होती. ऑइल भरपूर होतं, पण ते वर चढतच नव्हतं. तळाशी पंपाच्या तोंडाला जी बारीक जाळी असते ती डांबरासारख्या गाळाने बुजली होती. मधल्या मालकाने वर्षानुवर्षं ऑइल बदललेलं नसणार. इंजिन धावताना पंप कसाबसा ओढून घ्यायचा. उभं असताना, तापलेलं असताना, ओढवत नसे. सरळ नळीच्या एवढ्या मोठ्या आवाजात आतली टकटक कुणाला ऐकू आली नसती. त्यालाही आली नव्हती.

इथपर्यंत त्याच्या मनात चूक त्या मधल्या मालकाची होती. मग त्याने स्वतःला साधा प्रश्न विचारला. ऑइल चढत नसेल तर मीटरमध्ये तेलाच्या चंबूचा लाल दिवा लागतो. प्रत्येक गाडीत लागतो. पिवळा चेक लाइट लागला तर माणूस म्हणतो, जमलं तर दाखवू. लाल चंबू लागला तर ड्रायव्हर जागच्या जागी गाडी बंद करतो. एवढे दिवस तो का लागला नाही?

त्याने बॅटरी जोडून किल्ली फिरवली. सुरू करण्याआधी सगळे दिवे एकदा लागतात, तसे लागले. चंबूची जागा काळीच राहिली. त्याने काचेवरची टेप काढली. पिवळा दिवा लख्ख पेटलेला होता. मग त्याने इंजिनाच्या अंगचा ऑइल स्विच शोधला आणि त्याची वायर उपसली. चंबूचा दिवा विझायचा असतो त्याने. विझला तो पिवळा.

धर्मेंद्रने ड्रायव्हरच्या सीटवर बसून स्क्रू काढले. मग मीटर उघडला. मागच्या कनेक्टरमध्ये ऑइलची पिन तिच्या घरातून काढून चेक लाइटच्या घरात खोचलेली होती. चेक लाइटची मूळ वायर मोकळी करून मागे दुमडली होती. तिच्या टोकावर सायकलच्या ट्यूबचा बोटभर तुकडा चढवून पांढऱ्या शिलाईच्या दोऱ्याने तीन वेढे बांधले होते, कारण नुसती टेप उन्हाळ्यात सुटते. असं बांधणारा माणूस त्याला ठाऊक होता. अख्ख्या वऱ्हाडात तो एकटाच असं बांधत असे.

आठ वर्षांपूर्वी धर्मेंद्र स्वतः अकोल्याला होता. बायपासवर खुशालराव नावाच्या माणसाचं जुन्या गाड्यांचं आवार होतं, तिथे तो सहा वर्षं मिस्त्री होता. अकोट, तेल्हारा, दर्यापूरकडची हौशी पोरं गाड्या सजवत, सायलेन्सर बदलत, कंटाळले की विकत. त्या गाड्यांचा चेक लाइट हटत नसे आणि दिवा लागलेली गाडी गिऱ्हाईक घेत नसे. दिव्याचा बल्बच काढला तर हुशार गिऱ्हाइकाला कळे, कारण किल्ली फिरवल्यावर दिवा लागून विझायला हवा. धर्मेंद्रने त्यावर तोड काढली. किल्ली फिरवली की लागणारा आणि इंजिन सुरू झालं की विझणारा दुसरा दिवा म्हणजे तेलाचा. त्याची पिन याच्या घरात टाकायची. कापाकापी नाही, सोल्डर नाही, दहा मिनिटांचं काम. न लागणाऱ्या दिव्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. खुशालराव खूश झाला होता. "मेहरे, तुह्यासारखा डोकेबाज माणूस अमरावतीत सडून गेला असता," असं चहा पाजून चारचौघांत म्हणाला होता. पंधरा-सोळा गाड्या झाल्या असतील. त्यांत एक पांढरी, अकरा सालची होती. धर्मेंद्रने दाराच्या कडेचं मोरपंखी फॉइल नखाने उचललं. खाली पांढरा रंग होता.

स्कॅनरने सांगितलेली जाळीची तक्रार खरी होती. फक्त तो दिवा त्या तक्रारीचा नव्हताच. कोड एक सांगत होता, दिवा दुसरंच सांगत होता, आणि दोघांची गाठ त्याने स्वतःच्या हाताने घातली होती. थांबली की लागते, पळाली की विझते, तापली की जास्त लागते. म्हातारीने सगळं निदान करून दिलं होतं.

घरी त्याने बायकोला, करिश्माला, सांगितलं. ती बाजारातून आणलेले शेवंतीचे हार ओल्या फडक्यात गुंडाळत होती; सकाळी तिची गांधी चौकात फुलांची गाडी लागे.

"त्यायले सांगतलं का?"

"नाई."

"मंग नको सांगू. इंजिन टाकून दे. फुकट टाकून दे. सांगून त्या बाईले काय भेटन?"

धर्मेंद्रलाही तेच हवं होतं. त्याने नागपूरच्या भंगार बाजारातून त्याच जातीचं चांगलं इंजिन आणलं. मूळचा सायलेन्सर जाळीसकट बसवला. पिना आपापल्या घरात टाकल्या. तीन वेळा गाडी तापवून, उभी ठेवून, प्रेशरचं घड्याळ लावून पाहिलं. ललितचा रोज फोन येई आणि रोज तो इंजिनाचं सांगे. दिव्याचं त्याने सांगितलं नाही. उद्या सांगू, गाडी हातात देताना सांगू, असं करत दहा दिवस गेले.

दरम्यान एका गुरुवारी भागीरथाबाई शेजाऱ्याच्या गाडीतून जाऊन आल्या. पुढच्या सोमवारी ललितने भाड्याची गाडी दारात आणून उभी केली तर त्या बसल्या नाहीत. डोकं दुखते म्हणाल्या. बुधवारी रात्री ललितने फोन केला तेव्हा त्याचा आवाज खाली गेलेला होता.

"भाऊ, माय नाही म्हणते. कायमची नाही म्हणते. सुजून राहिली. डॉक्टर म्हणते हा गुरुवार चुकला तं पुढचं सांगता येत नाही. तुमी उद्या सकाळी गाडी घेऊन या. तुमचं ऐकते ते. त्या दिवशी टेप लावली तवापासून म्हणते, मिस्त्री शहाणा हाये. तुमी म्हणा फक्त, गाडी पक्की हाये."

गुरुवारी सकाळी सव्वासहाला धर्मेंद्र चांदूर बाजारच्या त्या गल्लीत पोचला. आता गाडीला आवाज नव्हता. ती आलेली घरात कळलीही नाही. ललितची बायको दीक्षा दारात उभी होती म्हणून तिने पाहिलं.

भागीरथाबाई पुढच्या खोलीत बाजेवर उशीला टेकून बसल्या होत्या. मागे भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि शेजारी त्यांचे गेलेले मालक डोमाजी यांचा फोटो. चेहरा इतका सुजला होता की धर्मेंद्रला क्षणभर ओळख पटली नाही. हातात पाण्याचा लोटा होता. डायलिसिसच्या माणसाला दिवसाला मोजून दोन-तीन पेले पाणी देतात. त्यांनी लोटा तोंडाला लावला आणि पूर्ण रिकामा केला.

"आता मोजत नाई," दीक्षा हळूच म्हणाली.

"जय भीम माय," धर्मेंद्र म्हणाला.

"ये बापू. बस. आयकतो मी, लय मेहनत केली तू. पोरी, याले चहा ठेव."

"चहा नको. माय, उठा. नऊची पाळी हाये. इंजिन दुसरं टाकलं, आवाज बंद केला, सीट साफ केली. मी सोता चालवतो. गाडी पक्की हाये."

"मागंबी तू हेच म्हणे."

ती टोमणा मारत नव्हती. झालेली गोष्ट सांगावी तशी सांगत होती. ललित दाराला टेकून धर्मेंद्रकडे पाहत होता. मान हलवून, बोला, बोला, म्हणत होता. धर्मेंद्रला कळत होतं की आता 'पक्की' हा एकच शब्द उपयोगाचा आहे आणि तो मागे खोटा पडलेल्या त्याच्या तोंडून येऊन चालणार नाही. खरं सांगितलं तर ती या गाडीत कधीच बसणार नाही. नाही सांगितलं तर तो त्याच तोंडाने तिला दुसऱ्यांदा बसवणार होता.

"माय, मागं मी चुकलो," तो म्हणाला. "तो दिवा तेलाचा होता. इंजिन मरून राहिलं, असं सांगत होता. तुमी सांगतलं, मी आयकलं नाई. अन् तो दिवा जागेवर नव्हता, ते मीच केलं होतं. अकोल्यात, आठ वर्साआंदी. लाल दिव्याची वायर पिवळ्यात टाकली होती. गाडी खपावी म्हणून. हेच गाडी."

चुलीकडून भांड्याचा आवाज येत होता तो थांबला.

"म्हंजे तुमाले माहीत होतं?" ललितने विचारलं.

"तवा नाई. गाडी हेच हाये म्हणून माहीत नव्हतं."

"कवा कळलं?"

"मीटर खोलला तवा. धा दिवस झाले."

"धा दिवस." ललितने तो आकडा पुन्हा उच्चारला. "धा दिवस मी हिले सांगून राहिलो, का मिस्त्री लय सच्चा माणूस हाये, त्याच्या भरोशावर चाल."



"त्याले काहून बोलतं?" भागीरथाबाई म्हणाल्या. "त्यानं अकोल्यात केलं. त्याले काय ठाव, त्याच्यात मी बसीन म्हणून? दुसरं कोणी बसलं असतं तं?" मग धर्मेंद्रकडे वळून, "सांगतलं हे बेस केलं. पण मी काई गाडीच्या भेवानं ना नाई म्हणत, बापू. गाडी बिघडते. मीबी बिघडली."

"मंग काहून, माय?" ललित एकदम ओरडला. "काहून?"

तिने उशी मागे सरकवून टेकून घेतलं. श्वास पुरत नव्हता.

"तू सांगतलं का याले, त्या दिवशी काय केलं ते?" ती मुलाला म्हणाली. ललितने मान फिरवली. "नाई सांगतलं. मी सांगतो. एक गाडी थांबली नाई. पंधरा-वीस गेल्या. मंग एक थांबली, काच खाली केली. बाई-लेकरं होते आत, चालवणारा म्हणे आमी चिखलदऱ्याले चाललो, मागं फिराले टाइम नाई. तं हा त्याच्या चाकासमोर गुडघ्यावर बसला. हात जोडून. कॉलेजातला माणूस. त्या बाईनं फोटो काढला याचा."

ललित म्हणाला, "माय, मी बसलो तं बसलो. मले काही वाटलं नाई."

"मले वाटलं. डोमाजीनं याले कोणासमोर वाकू नाई देलं. शाळेत मास्तरनं कोनट्यात उभं केलं होतं तं भांडाले गेला होता. अन् मी वाकवलं, दर सोमवार, दर गुरुवार. कवा डॉक्टरपुढं, कवा साहेबापुढं सुट्टीसाठी, कवा रस्त्यावर. मी अजून किती दिवस? सा महिने? वरीस? तेवढ्यासाठी नाई."

दीक्षा रडत होती. ललितने बरंच बोलून पाहिलं. आधी रागावून, मग समजावून, मग नुसतंच "माय, चाल ना" असं लहान मुलासारखं. धर्मेंद्रने उभ्या उभ्या ते सगळं ऐकलं. सांगण्यासारखं त्याने सांगून टाकलं होतं आणि आता त्याच्या शब्दाला त्या घरात वजन उरलं नव्हतं. सकाळी सव्वासहाला होतं, ते त्याने खर्च केलं होतं. सात वाजले. साडेसात वाजले. आठला निघालं तरी धावपळ करून नऊ गाठता आले असते. आठ वाजले तेव्हा ललित जमिनीवर बसला.

नऊ वीसला त्याच्या खिशातला फोन वाजला. दवाखान्यातली सिस्टर होती. फोन मोठ्या आवाजावर असल्यामुळे तिचं बोलणं खोलीभर ऐकू आलं.

"खंडारे आजी निघाल्या का? मशीन रिकामी आहे, मी किती वेळ धरून ठेवू?"

ललित आईकडे पाहत राहिला.

"सर? येत नसाल तर सांगा. दुसऱ्याला देते. आजचीच देऊ का सोमवारची पण?"

भागीरथाबाईंनी हात पुढे केला. ललितने आधी दिला नाही. तो हात तसाच राहिला, सुजलेला, आणि मग त्याने फोन त्यात ठेवला.

"पोरी, मी आजी बोलून राहिली. दोन्ही देऊन टाक. तो वडाळीचा मास्तर नाई का, बाहेर खुर्चीवर बसते, त्याचा नंबर कवाचा लागत नाई. त्याले दे." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाई वो, काई झालं नाई. बेस हाये मी. त्याले सांगजो, सोबत चादर आण म्हणा. तुमच्या इथं लय थंडी वाजते."

फोन बंद कसा करायचा हे तिला कळेना. सिस्टर हॅलो, हॅलो म्हणत राहिली. शेवटी धर्मेंद्रनेच पुढे होऊन तो बंद केला.